आरशावरचा मोजा

रविवार, १५ मार्च. गुन्हा सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी घडला, मुळशी धरणाच्या रस्त्यावर.

फुललेल्या पांगाऱ्याखाली गाडी लावली, तर एक दयाळ पक्षी आमच्याच गाडीच्या आरशावर येऊन आपल्या प्रतिबिंबाशी भांडू लागला. इतका जवळ, की माझी लांब लेन्स फोकसच घेईना. मी काट्याकुट्यांतून मागे मागे सरकले. फोकस लागला, आणि तेवढ्यात नवऱ्याने, शरदने, पायातला मोजा काढून आरशावर चढवला. मोजा!

"अरे, काय करतोस?"

"विणीचे दिवस आहेत. उगाच भांडून दमेल बिचारा. तुला ठाऊकच आहे."

माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी असा मोजा काढल्याबद्दल त्याला बाकावर उभं केलं असतं.

शेतावर निघालेली एक बाई थांबली. "आजी, आरशाला थंडी वाजतीया व्हय?"

शरद एका अनवाणी पायावर हसत उभा.

त्याचं बरोबर होतं, पण ते या डायरीतच राहील. दयाळाने थोडा वेळ शत्रू शोधला, मग मोज्यावरच बसून, शेपटी उभारून गायला लागला. माझा आजवरचा सर्वांत सुंदर फोटो, आणि त्यात अंगठ्याला भोक पडलेला तो तपकिरी मोजा. आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर पाठवू कसा?

घरी आल्यावर साखरेच्या डब्याला शरदसाठी चिठ्ठी लावली आहे. घरात धड मोजे असताना हाच का घातला, याचा लेखी खुलासा उद्या सकाळी सातच्या चहाआधी हवा. नाहीतर फोटो ग्रुपवर जाईल, मोज्याच्या मालकाच्या नावासकट.