नदीपलीकडचा आरोपी

३ फेब्रुवारी १९२६, नागपूर
उमरेडच्या देवळातला चांदीचा मुखवटा सापडला. वर्धा नदीच्या पलीकडे, निजामाच्या मुलखात, ओमप्रकाश नावाच्या फिरत्या बांगडीवाल्याकडे. तिकडच्या पोलिसांनी त्याला धरलंय. म्हणजे चोरी विणकर रामाजीने केली नव्हती. तरी त्याला मी पकडलं ते बरोबरच होतं, तो देवळाजवळ दिसला होता. मॅजिस्ट्रेट म्हणतात, ओमप्रकाशचा जबाब होईपर्यंत रामाजी जेलातच राहील. आठवड्यात ओमप्रकाशला इकडे आणतो. मग मी इन्स्पेक्टर. उद्यापासून पहाटे उठून उर्दू शिकणे.

१० फेब्रुवारी
आपलं वॉरंट तिकडे चालत नाही. आपल्या सरकारने हैदराबादच्या रेसिडेंटला, म्हणजे तिथल्या इंग्रज वकिलाला लिहायचं, त्याने निजाम सरकारला. लिहिलंय. उत्तर नाही. दिवसभर व्हरांड्यात फेऱ्या. रामाजीची बायको भागीरथा उमरेडहून येऊन धर्मशाळेत उतरलीय, रोज ठाण्याच्या पायरीवर बसते. आज म्हणाली, "मधात एक नदीच तं हाय साहेब, मंग इतका उशीर काहून?" तिला दोन सरकारं, तह, आरोपी सोपवण्याचा एक्स्ट्राडिशनचा कायदा, सगळं समजावलं. ती म्हणाली, "चोर नदीपार गेला तवा त्यानं कोनाले इचारलं?" बाईला कायद्यातलं काही कळत नाही. मागावर लुगडं अर्धं पडून आहे म्हणे.
उर्दू: अलिफपर्यंत.

१७ फेब्रुवारी
कागद परत आले. आरोपीच्या बापाचं नाव राहिलं. चूक कारकुनाची. मसुदा माझा होता, पण वाचून पाहणं त्याचं काम. तिकडे ओमप्रकाश जामिनावर सुटून खुशाल बांगड्या विकतोय. झोप नाही, जेवणात लक्ष नाही. शेवटी ठरवलं. साध्या कपड्यांत जायचं, गोड बोलून त्याला नावेत बसवायचं, अलीकडच्या काठावर अटक. सुमतीने विचारलं, साहेबांची परवानगी घेतली का. बायकोला पोलिटिकल गोष्टी काय सांगणार. पोटदुखीची रजा टाकली.

२० फेब्रुवारी
प्लॅन जवळजवळ यशस्वी. ओमप्रकाश काठापर्यंत आला. नावेत बसेना, म्हणून दंड धरला. तो ओरडला. नावाडीही ओरडेल असं वाटलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी, निजामाची कोठडी
इथल्या फौजदाराला अमीन म्हणतात. माणूस सभ्य. माझ्यावरचा आरोप: निजामाच्या मुलखातून माणूस पळवणे. मी नागपूरचा फौजदार आहे म्हटलं. त्यांनी पुरावा मागितला. तो युनिफॉर्मबरोबर घरी. अमीनसाहेब म्हणाले, आपण खरंच फौजदार असाल तर आपलं सरकार आपल्याला मागून घेईलच. रेसिडेंटमार्फत.

२५ फेब्रुवारी
ओमप्रकाश भेटायला आला, केळी घेऊन. मी तिथेच उलटतपासणी सुरू केली. मी म्हटलं, तुझ्यापायी रामाजी विणकर जेलात आहे. त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणाला, उमरेडला तापाने पडलो होतो तेव्हा रामाजीनेच घरात ठेवून घेतलं, भागीरथा पेज करून पाजायची. मग रामाजी किती दिवस आत आहे, एवढंच विचारलं. केळी ठेवून गेला. कबुली नाही. वेळ वाया.

२८ फेब्रुवारी
ओमप्रकाश आपणहून नदी ओलांडून नागपूरला हजर झाला, अमीनसाहेबांनीच सांगितलं. माझ्या उलटतपासणीचा परिणाम. प्रमोशन नक्की. आता कुठल्याही क्षणी बोलावणं येईल. दाढी करून बसलोय. प्रत्येक टांग्याच्या आवाजाला उठतो.

२ मार्च
कोणी आलं नाही. इन्स्पेक्टर झाल्यावर करायच्या सुधारणा मनात पक्क्या केल्या. कोठडी फार अरुंद, फेऱ्या मारता येत नाहीत.

६ मार्च
आज रामाजी आला. सुटून घरी गेला, लुगडं पुरं केलं. ठाण्यातल्या कोणालाही नदी ओलांडायची मनाई झालीय, म्हणून सुमतीने माझे कपडे त्याच्याच हाती पाठवले. भागीरथाने सोबत भाकरी आणि ठेचा दिला.
मी विचारलं, माझे कागद निघाले का. रामाजी जरा घुटमळला. मग म्हणाला, "साहेबायनं सांगतलं, पोटदुखी बरी होऊ द्या, घाई नाही."
रामाजी गजांशी उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "सुरुवातीले झोप लागत नाही, साहेब. मंग लागते."
दोन आठवडे झाले, अजून लागत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.