लासरीनाचा अर्थ

आईस, लेकीचा मायेचा नमस्कार.

मी डब्लिनमध्येच आहे, तब्येत ठणठणीत. पण त्या बाईच्या घरचं काम सोडलं.

दोन वर्षं ती मला 'मेरी' म्हणायची. तिच्याकडे प्रत्येक मोलकरीण मेरीच. रविवारी पाहुण्यांसमोर मुद्दाम म्हणाली, "हिचं खरं नाव लासरीना. सांग गं, अर्थ काय?"

"वाइनची ज्वाला. जुनं आयरिश नाव आहे, सरदारांच्या मुलींचं."

"म्हणजे ठेवताना बाप झिंगलेला असणार!"

सगळे खिदळले. मी सूपचं भांडं टेबलावर आदळलं. "माझ्या बापावर जाऊ नका," म्हटलं आणि एप्रन तिच्या मांडीवर फेकून निघाले.

आता एका बेकरीत लागलेय. पाव गरम मिळतो.

बाबांना हे वाचून दाखवू नकोस. आणि खरं सांग, ते पुन्हा प्यायला लागले नाहीत ना?

तुझीच,
लासरीना