बटणांच्या वाट्या

४ जून

चि. ठकूस मावशीचे पोटभर आशीर्वाद.

माझे गुडघे संपावर गेलेत. इस्त्रीच्या टेबलाशी एक उंच स्टूल द्या, असं कपड्यांच्या कारखान्याच्या मालकांना म्हटलं, तर म्हणाले, उभं राहणं जमत नसेल तर घरी बसा. घरी बसून काय भिंतींशी बोलू? मला काम सोडायचं नाहीये गं. तू कॉलेजात गणित शिकवतेस, त्यात बोलणी करायचंही गणित असतं म्हणे. मला लागू पडतं का बघ.

तुझी, मावशी

९ जून

ती. मावशीस आणि तिच्या रुसलेल्या गुडघ्यांस सा. न.

एकटी जाऊ नकोस. एकटी गेलीस की फक्त तुझीच अडचण दिसते, मालकांची झाकलेली राहते. सगळ्या जणींच्या मागण्या एकदम मांडा. प्रत्येक मागणीची एक वाटी ठेव आणि प्रत्येकीला दहा बटणं दे. जे जास्त हवं, त्यात जास्त टाकायची, तीही गुपचूप. मग मालकांना काय हवंय ते विचारा. त्यांना द्यायला सोपं आणि तुम्हाला मोलाचं, ते मागायचं. तुम्हाला सोपं आणि त्यांना मोलाचं, ते द्यायचं. एवढंच गणित आहे, बाकी चिन्हं आम्ही लोकांना घाबरवायला वापरतो.

लोभ आहेच, औषधही घेत जा.

ठकू

१५ जून

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं गणित फसलं बाई. पंखा, लवकर सुट्टी, मोठी खिडकी आणि स्टूल अशा चार वाट्या ठेवल्या. स्वतःसाठी काय मागायचं, म्हणून मी माझी सगळी बटणं पंख्यात टाकली. तरी स्टुलाची वाटी भरून सांडली. शिलाईवाल्या दिवसभर बसूनच असतात, त्यांना स्टूल कशाला? पुन्हा टाकायला लावू का?

गोंधळलेली, मावशी

१९ जून

ती. मावशीस सा. न.

मोजणी बरोबर आहे. त्यांना स्टूल नकोय, तू हवी आहेस. आता वाट्यांना हात लावू नकोस. सगळ्या मिळून मालकांकडे जा.

तुझीच, ठकू

२७ जून

चि. ठकूस, गुडघ्यांसह आशीर्वाद.

गेलो सगळ्या. शनिवारी मालाची गाडी भरायला उशीर होतो, हीच मालकांची डोकेदुखी निघाली. स्टूल द्या, आम्ही त्या दिवशी अर्धा तास आधी येऊ, म्हटलं. तशाही बाया लवकर येऊन दारात गप्पाच हाणतात. मालकांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि हो म्हणाले. पंख्याचं मात्र घोंगडं भिजत पडलंय.

आज स्टूल आलं. बसले, आणि सगळ्या जणी हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिल्या. इस्त्रीआधी कापडावर पाणी शिंपडावं लागतं ना, आज वेगळं पाणी लागलं नाही.

माया अशीच ठेव.

तुझी, मावशी