पहिल्या पानावरची एडना

व्हिटबी, नोव्हेंबर १९५१

प्रिय बाबा,

सोबत आजच्या पेपरचं पहिलं पान आहे. हा फोटो मी काढलाय, बाबा, मी.

वादळात गेलेली बचावनौका काल सकाळी सुखरूप परतली. धक्क्यावर सगळे फोटोग्राफर माझ्यापुढे उभे, म्हणून मी सरळ गुडघाभर पाण्यात उतरले. वॉल्टर नावाचा नावाडी उतरताच त्याची बायको एडना कडाडली, "रस्सा करपून कोळसा झालाय. आता तोच गिळ." आणि त्याच्या ओल्या कोटात तोंड खुपसून रडायला लागली. तेवढ्यात मी बटण दाबलं.

खोकला किरकोळ आहे, आईला सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

संपादक म्हणाले, "पोरी, लग्नांचे फोटो आता दुसरा कोणीतरी काढेल."

तुमची,
एनिड