एकेचाळीस गोचीड पाळीव नसल्याचा दाखला मिळणेबाबत

दिनांक: १२ जून २०२५

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी,
भांडुप (पश्चिम).

विषय: बरणीतील ४१ गोचीड माझे पाळीव प्राणी नसल्याचा दाखला रविवारपूर्वी मिळणेबाबत.
संदर्भ: त्रिवेणीछाया गृहनिर्माण संस्थेची नोटीस, दि. ९ जून.

महोदय,

१. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असून इमारतीतील मुलांना जिन्याखाली विनाशुल्क शिकवतो. वर्गात पिठी नावाची भटकी कुत्रीही येऊन बसते. तिच्या कानांत गोचीड झाले, तेव्हा डॉक्टरांना विचारून, हातमोजे घालून, चिमट्याने कातडीलगत धरून मी ते सरळ ओढून काढले. रॉकेल लावले नाही. काढलेले गोचीड बरणीतील साबणाच्या पाण्यात टाकले. मुलांना लांब बसवून नोंदीचे काम दिले.

२. चूक येथे घडली. हाताशी दुसरी वही नसल्याने नोंद हजेरीपटात झाली. प्रत्येक गोचिडाला क्रमांक मिळाला. कु. तेजल (इयत्ता तिसरी) हिने नावेही दिली.

३. सेक्रेटरी श्री. चंद्रप्रकाश नागवेकर यांनी तो हजेरीपट पाहिला. संस्थेच्या नियमानुसार एका घरात एकच पाळीव प्राणी चालतो. "गुरुजी, नाव ठेवलं म्हणजे पाळलं! मला शिकवू नका," असे म्हणून त्यांनी ४१ लसीकरण दाखले मागितले. प्राणी मृत असल्याचे मी लेखी कळवले. त्यावर मृत्यूचे कारण विचारण्यात आले. 'साबण' असे लिहिताच क्रूरतेचा ठपका आला.

४. गोचीड पुन्हा होऊ नयेत म्हणून, गटारात मारायचे झुरळांचे औषध रविवारी सकाळी दहा वाजता पिठीच्या अंगावर फवारण्याचा ठराव संस्थेच्या सभेत झाला आहे. ती अंग चाटते, मरेल. कुत्र्याला वजन पाहून डॉक्टरांनी दिलेलेच औषध लावावे, असे मी सभेत तीनदा सांगितले. सभेचे उत्तर: ४१ गोचिडांचा मालक या विषयात निःपक्ष नाही.

५. तरी मी मालक नसल्याचा दाखला द्यावा, म्हणजे सभा माझे ऐकेल. पिठीसाठी योग्य औषधही लिहून द्यावे. तिचे वजन अकरा किलो आहे (भाजीवाल्याचा काटा).

६. दाखला न आल्यास पिठीला घरात ठेवून रविवारी तिच्या जागी मी बसेन. फवारणी माझ्यावर व्हावी. मला अंग चाटण्याची सवय नाही.

आपला नम्र व वाट पाहणारा,
भाऊराव धाकू घाडीगावकर
(वय ७६)

सोबत:
१. हजेरीपट
२. बरणी (झाकण घट्ट आहे)
३. मला गोचीड नसल्याबाबत नऊ विद्यार्थ्यांच्या सह्यांचे पत्र