कापडवाल्याची गाडी

अप्पा, आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता घरात कुणी तुमचा विषयसुद्धा काढत नाही, पण माझं भांडण काही मिटलेलं नाही. कारण सांगते. इथं लातूरला आमच्या कॉलेजातल्या एका सरांनी मला गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलंय. हो, मीही आता कोरियन गाडी चालवते. तुमच्या त्या कंपनीची नव्हे, दुसऱ्या कंपनीची, जी टिकली तिची. ग्रुपमध्ये लातूर-नांदेडकडची मंडळी आणि दिवसभर एकच विषय. एसी लई गार हाय. पिकअप एक नंबर. मायलेज मात्र शोरूमवाला सांगतो तेवढं देत न्हाई. सर्व्हिसिंगला नेली की काहीतरी नवीनच काढून राहिलेत. अहमदपूरकडं जाताना खड्ड्यात खालून घासते, पण सीट अशी की पाठ दुखत न्हाई. असं सगळं. परवा एकानं लिहिलं, कोरियन म्हणलं की डोळे झाकून घ्यावी. त्यावर दुसरा म्हणतो, "ती पहिली बुडालेली कंपनी आठवते का? तिच्या गाड्या घेणारे येडेच म्हणायचे." खाली हसणाऱ्या तोंडांची ही रांग. माझं डोकंच फिरलं. त्या येड्यांतले एक माझे वडील होते, असं टाइप केलं आणि पुसून टाकलं. मग आज वही ओढली आणि तुम्हालाच लिहायला बसले.

तुम्ही येडे नव्हता. येडे असता तर मला एवढा राग आलाच नसता. नांदेडात ट्रॅक्टर आणि जीपच्या स्पेअर पार्टचं दुकान तुमचं. गिऱ्हाइकानं मोडका पार्ट कापडात गुंडाळून आणला की तुम्ही तो नुसता हातात तोलून नंबर सांगायचात, वही न उघडता. बेअरिंग बोटावर फिरवून कानाशी न्यायचात आणि म्हणायचात, "हे बनावट हाय, परत दे त्याला." असा माणूस गाडी घ्यायला निघाला तेव्हा त्यानं काय पाहिलं? इंजिन? नाही. तुम्ही पेपरात कंपनीचा इतिहास वाचलात. कोरियातली ही कंपनी म्हणे आधी कापडाचा व्यापार करायची, मग जहाजं, मग टीव्ही आणि फ्रिज, मग गाड्या. बस्स! आजोबा उदगीरच्या बाजारात कापड विकायचे, त्यामुळं तुमच्या लेखी ती कंपनी सोयरीकच झाली. आई विचारत होती, अहो, पण गाडी कशी आहे? तुम्ही म्हणालात, "कापडवाल्यानं काढलेली गाडी हाय. कापडवाला गिऱ्हाईक तोडत नसतो. एकदा त्यानं वार मोजून दिला की तो लेकीच्या लग्नापर्यंत बांधला गेला." आता मला हसू येतं आणि लगेच संताप येतो. अहो अप्पा, ते उदगीर नव्हतं हो.

गाडी आली. छोटीशी, गोल डोळ्यांची, गाल फुगवून बसल्यासारखी. शेजारचे म्हणाले, "बेडूक आणला व्हय अप्पा?" तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं, बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि आईला चाकाखाली लिंबू ठेवायला सांगितलं. आठवडाभरात हसणारेच आत बसून एसीपुढं तोंड धरायला लागले. आणि मग तुम्ही तुमचा तो जुना उद्योग सुरू केलात, शब्द द्यायचा. धर्माबादचा एक मिरचीचा व्यापारी, किल्लारीचे एक मास्तर आणि तुमचे सख्खे थोरले भाऊ, आमचे लातूरचे काका, जे तेव्हा हेडमास्तर म्हणून नुकतेच रिटायर झाले होते. तिघांनी तुमच्याकडं पाहून तीच गाडी घेतली. काका दुकानात स्टुलावर बसलेत, चहा बशीत ओततायत, आणि तुम्ही छातीवर हात ठेवून सांगताय, "घ्या अण्णा, माझी जबान हाय. काही झालं तर मी बसलोय न्हवं."

झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. तिकडं कंपनी कर्जात बुडाली, कामगार रस्त्यावर आले, कारखान्यांचे तुकडे करून विकले गेले. इकडं शोरूमला कुलूप लागलं. फोन केला तर नुसती रिंग. पुढं तीच छोटी गाडी दुसऱ्या एका परदेशी कंपनीचं नाव लावून आपल्याकडं परत आली, आणि काही वर्षांनी ती कंपनीही गाशा गुंडाळून गेली. म्हणजे दोनदा पोरकी झाली बिचारी. आणि गंमत बघा, गाडीला कुणीच नावं ठेवत नव्हतं! धर्माबादचा व्यापारी म्हणायचा, "गाडी सोन्यावानी हाय अप्पा, पार्ट तेवढा मिळवून द्या." एवढ्या मोठ्या कंपनीत एकाला तरी वाटलं का, की आपण विकलेल्या गाड्यांत माणसं बसतात? त्यांनी हात झटकले. आणि तुम्ही, ज्यांनी एक स्क्रूसुद्धा बनवला नव्हता, तुम्ही त्यांच्या वतीनं बसून राहिलात. हैदराबादच्या भंगार बाजारात रेल्वेनं जाऊन यायचात, दोन दोन दिवस, हातात मोडक्या पार्टची पिशवी. निम्म्या वेळा मोकळ्या हातानं परत.

मग तुम्ही आपलीच गाडी खोलायला काढलीत. हे मी अजून माफ केलेलं नाही. ती गाडी माझी होती, अप्पा. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही दुसरी किल्ली माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला होता, "लातूरला कॉलेजात जाशील न्हवं, शेवटच्या वर्षाला ही घेऊन जा. पोरगी गाडी चालवत आलेली बघू दे त्यांना." रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात तुम्ही मला शिकवायचात. मी क्लचवर पाय ठेवूनच बसायचे आणि तुम्ही ओरडायचात, "पाय काढ! ते पायपुसणं न्हाई!" ते वाक्य अजून दर सिग्नलला ऐकू येतं. मी त्याच गाडीवर लायसन काढलं. आणि हॉस्टेलवरून दिवाळीला घरी येते तर पत्र्याच्या शेडमध्ये माझी गाडी विटांवर उभी आहे, चाकं नाहीत, बॉनेट उघडं आणि आतून अर्धी रिकामी. वायपरची मोटर धर्माबादला. रेडिएटरचा पंखा किल्लारीला. गिअरबॉक्सही किल्लारीला. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"हे काय केलंत?"

"त्यांच्या गाड्या थांबल्या होत्या बाई."

"आणि माझी?"

"आपली घरातच हाय. घरच्या माणसाला काय, थांबता येतं." एवढं बोलून तुम्ही पाना पुसत बसलात. मी त्या दिवाळीला फराळाला हात लावला नाही. आई म्हणाली, त्यांच्या तोंडून शब्द गेलाय, आता काय करतील. मी म्हणाले, शब्द त्यांनी दिला आणि गाडी माझी गेली, वा रे वा!

तरी मी गप्प बसले असते. पण मग त्याच सुट्टीत काकांचा निरोप आला. काका तोवर आपल्याशी बोलत नव्हते, भाऊबीजेला आत्याकडं समोरासमोर आले तरी मान फिरवायचे. त्यांच्या गाडीचा सेल्फ गेला होता. किल्ली फिरवली की नुसतं टक्-टक्, गाडी सुरू करायची तर रोज ढकलायची. स्वतः फोन केला नाही, शेजाऱ्याकरवी सांगून पाठवलं, "त्याच्याकडं असंल तर धाडून दे म्हणावं." धाडून दे! जसं काही तुम्हीच कोरियात बसून त्यांना फसवलं होतं. आणि तुम्ही? तुमचा चेहरा केवढा उजळला. भावानं काहीतरी मागितलं याचाच आनंद. लगेच शेडमध्ये जाऊन आपल्या गाडीचा सेल्फ उतरवला, पेट्रोलनं धुतला, वायर घासून चकचकीत केली, पेपरात गुंडाळून खाकी पिशवीत घातला आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला. सकाळी पूजा झाली की पहिल्या एसटीनं लातूरला जायचं, स्वतः बसवून यायचा. आईला म्हणालात, "अण्णा चहा तर पाजंल आता."

सकाळी तुम्ही लिंगपूजेला बसलात. उठलात तेव्हा कोनाड्यात पिशवी नव्हती. तुम्ही आधी आईला विचारलं, मग दुकानात जाऊन आलात, मग शेडमध्ये प्रत्येक डबा उपडा केलात. एसटी गेली. दुपारी ओट्यावर बसून तुम्ही आईला म्हणालात, "मी कुणाला देऊन टाकला की काय? धर्माबादवाला आला होता का काल?" आई म्हणाली, कुणी आलं नव्हतं. तुम्ही बराच वेळ स्वतःच्या हातांकडं पाहत राहिलात. त्यानंतर तुम्ही चिठ्ठ्या लिहायला लागलात. गॅस बंद केला. किल्ली खुंटीला आहे. दुकानात पार्टचा नंबर सांगण्याआधी वही उघडायला लागलात, आणि वहीत पाहूनही पुन्हा गिऱ्हाइकालाच विचारायचात, बरोबर हाय न्हवं? वर्षभरात गल्ल्यावर बसणं सोडलंत. "डोकं दगा देऊन राहिलंय बाई," म्हणायचात. हैदराबादला आणखी तीनदा गेलात त्या सेल्फसाठी. मिळाला नाही.

आणि लातूरचा तो साखरपुडा. काकांच्या धाकट्या लेकीचा. मांडवाबाहेर काकांची गाडी आडवी आली होती, हलवायची होती, चार पोरं ढकलत होती. काका सगळ्या पाहुण्यांपुढं मोठ्यानं म्हणाले, "ढकला रे ढकला! माझ्या भावाच्या शब्दाला रोज धक्का मारावा लागतो." लोक हसले. तुम्ही काय करावं? टोपी काढून माझ्या हातात दिलीत, धोतराचा सोगा खोचलात आणि मागून जाऊन पोरांबरोबर गाडी ढकलायला लागलात. त्या वयात, त्या उन्हात. मी टोपी घेऊन उभी. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की काकांनी तुमची बेइज्जती केली, कंपनीनं केली. ग्रुपवर चिडले तीही याच तोऱ्यात.

त्याच ग्रुपवर काल एक निरोप आलाय. किल्लारीच्या त्या मास्तरांचा मुलगा असावा, कारण लिहिलंय की वडिलांची जुनी गोल डोळ्यांची गाडी अजून चालते, नांदेडच्या एका अप्पांनी स्वतःच्या गाडीचा गिअरबॉक्स काढून दिला होता म्हणून चालते. वडील थकलेत, त्यांना त्याच गाडीतून शेताकडं जायचं असतं, आणि आता सेल्फ गेलाय. कुणाकडं असला तर सांगा, कुठंही यायला तयार आहे. खाली पुन्हा दोघं-तिघं हसलेत. एकानं लिहिलंय, भंगारात घाला.

मी त्याला खासगीत कळवलंय की आहे. रविवारी मी स्वतःच किल्लारीला घेऊन जाणार आहे. मास्तर विचारतीलच, इतकी वर्षं हा राहिला कुठं? त्यांना काय सांगायचं याची तालीम म्हणून हे लिहायला बसले आणि चार पानं तुमच्यावर, काकांवर, साऱ्या कोरियावर ओरडण्यात घालवली. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. घडी करून मी ते त्याच खाकी पिशवीत ठेवणार आहे, सेल्फ काढला की ती रिकामी होईल.

तुम्ही डोळे मिटून पूजेला बसला होता आणि मी पिशवी उचलून ज्वारीच्या कोठीत खोल पुरली. काकांना द्यायचा नव्हता मला. सेल्फ घरात आहे तोवर माझी गाडी कधीतरी सुरू होईल असंही वाटत होतं. सुट्टी संपल्यावर तो ट्रंकेत घालून हॉस्टेलवर नेला. तुम्ही चिठ्ठ्या लिहीत होता तेव्हा तो माझ्या कॉटखाली होता, आणि तुम्ही गाडी ढकलत होता तेव्हाही. अप्पा, तुमचं डोकं शेवटपर्यंत ठीक होतं. तुम्ही काहीसुद्धा विसरला नव्हता.