कुठल्या वाटेनं यायचात, गुरुजी?

गुरुजी, तुमच्या सायकलच्या मागच्या मडगार्डाचा एक स्क्रू कायमचा ढिला होता. मुरमावरून चाक आलं की त्या पत्र्याचं खुळखुळणं तुमच्या आधी शाळेत पोहोचायचं आणि आम्ही पोरं पाट्या सावरून मांडी घालून बसायचो. कवितेचा तास असला की तुम्ही सायकल दारातच स्टँडवर लावायचात आणि घंटीवर ताल धरायचात. एका ओळीला एक टण्ण. आज कवितांचे शब्द कमी आणि ती घंटीच जास्त आठवते. पण आज लिहायला बसलोय ते त्यासाठी नाही. एक विचारायचं आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. तुम्ही शाळेत कुठल्या वाटेनं यायचात?

सांगतो, का विचारतोय ते. माझी नात बीडला नोकरीला लागली आणि पहिल्या पैशातून तिनं सायकल घेतली. ग्रॅव्हल बाइक म्हणतात तिला. रुंद चाकं आणि मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल. डांबरीवरून जायचंच नाही, मुरमाच्या, खडीच्या वाटा शोधत हिंडायचं, असा त्यांचा नाद. म्हणाली, "आजोबा, इकडच्या वाटा तुमच्याइतक्या कुणाला माहिती नाहीत. आम्हाला रूट आखून द्या." गुरुजी, या वयात मला कुणी असं काही मागेल असं वाटलं नव्हतं. मी दिवसचे दिवस ओसरीवर बसून वाटा आखल्या. पावसाळ्यात काळ्या रानातून जायचं नाही, चिखल चाकात बसला की सायकल डोक्यावर घ्यावी लागते. तेव्हा मुरमाड माळच बरा. सुगीनंतर बांधावर सराटे असतात, म्हणून पंक्चरचं सामान जवळ ठेवायचं. जाताना वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे दमून येताना तो पाठीला लागतो. माजलगावकडं कालव्याच्या कडेनं सुंदर वाट आहे, पण उसाचे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत. परळीच्या अंगाला जायला ती तयार नाही, तिथल्या वीजकेंद्राच्या राखेनं डोळे भरतात म्हणते. आणि शिमग्याच्या आधी, पळस पेटलेला असताना, आपल्या गावामागचा डोंगर.

ती गावामागची वाट मी सगळ्यांत शेवटी दिली, ठेवणीतली वस्तू काढून द्यावी तशी. ओढा ओलांडायचा, मोठ्या बांधाच्या कडेनं जायचं, धनगरांच्या वस्तीवरून माळावर चढायचं आणि पलीकडं लिंबागणेशला उतरून गणपतीचं दर्शन घ्यायचं. "ही आमच्या गुरुजींची वाट," मी तिला म्हणालो. "रोज याच वाटेनं ते सायकलवर यायचे." नातीला ते इतकं आवडलं की तिनं फोनमधल्या नकाशावर ती रेघ ओढली, वर नाव टाकलं 'गुरुजींची वाट', आणि सगळ्यांना दिसेल अशी ठेवून दिली. मग रविवारी रंगीत टोप्या घातलेली अनोळखी पोरंपोरी गावातून जायला लागली. मी ओसरीवरून हात करायचो. ती घंट्या वाजवायची. मला वाटायचं, तुम्हीच परत आलात, जरा जास्त संख्येनं.

मग एका सकाळी तो मोठा बांध ज्याच्या रानाचा, तो दारात आला. बागायतदार आहे, पुढारी आहे, मला काका म्हणतो. खुर्ची दिली तर बसला नाही.

"काका, लई झ्याक काम केलंत. माझ्या रानातून फुकट रस्ता काढून दिलात."

"अरे, वाट जुनीच हाय."

"कवाची जुनी? कुणी सांगितलं? आज सायकली जातील, उद्या ट्रॅक्टर घालतील. परवा तहसिलात जाऊन म्हणतील, ही आमची वहिवाट हाय, आता अडवायची न्हाई. माझं रान काय तुमच्या कवितेतलं हाय व्हय?"

आपल्याकडं असंच होतं, हे मलाही ठाऊक होतं. माणसं गुपचूप जात असतात तोवर मालक काणाडोळा करतो. चार लोकांनी त्या वाटेला रस्ता म्हटलं की तो बांधावर येऊन उभा राहतो. ही साधी गोष्ट मी विसरलो. वाटेला नाव देऊन बसलो. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या अंगाला जेसीबी लागला, कमरेएवढा खोल चर निघाला आणि त्यापलीकडं बाभळीच्या फांद्या टाकल्या. मालकाची अडचण होत नाही. तो मागच्या डांबरीवरून जीपनं येतोजातो.

अडचण झाली धनगरांच्या वस्तीची. तिथला म्हातारा माझ्याकडं आला, घोंगडी टाकून खाली बसला. चिडलेला नव्हता, तेच मला जड गेलं.

"आबा, सायकलवाले आले अन् आमची वाट गेली."

"माझ्या मनात तसं नव्हतं रे."

"मला म्हाईत न्हाई का? आमी इतकी वर्सं गुमान जात व्हतो. कुनी वाटंचं नाव घेत न्हाई म्हनून चाललं व्हतं. तुमी नाव घेतलं. मेंढरं मी फिरवून नेतो हो, सून कशी नेऊ? तिला दिवस भरत आलेत. कळा सुटल्यावर काय चरात उतरवायची तिला?"

त्यानं तहसिलात अर्ज केला आहे. उद्या साहेब वाट बघायला येणार आहेत, गावातल्या जुन्या माणसांना विचारणार आहेत. आता जुनं माणूस म्हणजे मी. बाकीचे सगळे वर तुमच्याकडं गेले. जाताना म्हातारा म्हणाला, "आबा, तुमी येवढंच बोला, तुमचे मास्तर सायकलवर हितनंच यायचे. बास. सरकारी मास्तर जात व्हता म्हनल्यावर वाट जुनी ठरतीच की."

तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही, गुरुजी. कारण मी आठवायला बसलो आणि मला काहीच नीट सापडेना. तुम्ही एकदा मला कॅरिअरवर बसवून माळावर नेलं होतं. चढावर उतरून दोघं चालत होतो, पळस असा फुललेला, आणि तुम्ही म्हणालात, "म्हण कविता, इथं म्हण, वर्गात काय म्हणायची!" ते सगळं मला दिसतं. पण आपण चढलो ते बांधाच्या कडेनं की आता जिथं डांबरी आहे तिकडून? तेव्हा तोही मुरमाचाच रस्ता होता. दोन्ही वाटा ओढ्यापाशी एक व्हायच्या आणि तिथून पुढं तुमचं मडगार्ड ऐकू यायचं. ओढ्यापलीकडं तुम्हाला येताना मी पाहिलंच नाही कधी. आणि 'शाळेची वाट' या निबंधात मी धबधबा घातला होता, तेव्हा सगळ्या वर्गासमोर तुम्ही विचारलं होतंत, "कावून रं, आपल्याकडं धबधबा कुठंय? येडी बाभळ हाय, ती कुठं गेली?" अख्खा वर्ग हसला होता. मी अजून तसलाच आहे का, गुरुजी? मला हवी तिथून मी तुमची सायकल चालवली का?

उद्या मी हो म्हणालो आणि ते खरं नसलं, तर एका माणसाच्या रानातून मी स्वप्नातली रेघ ओढली असं होईल. आठवत नाही म्हणालो, तर धनगराच्या त्या सुनेच्या वाटेवर माझ्याच तोंडानं काटे पडतील. नातीला फोन केला. ती म्हणाली, "आजोबा, मी नकाशावरून वाट काढून टाकली." फोनमधून निघाली. चर तसाच आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून इथं कबूल करतो: मला आवाज आठवतो, बाजू आठवत नाही.

एवढं लिहिलं आणि कडी वाजली. धनगर असेल म्हणून उठलो. दारात त्या बागायतदाराची आई उभी. रानातल्या घरातून हल्ली ती कुठंच जात नाही, गुडघे गेलेत. काठी टेकत एकटीच आली होती. लुगड्याला घोट्यापर्यंत ओला मुरूम, आणि पदराला बाभळीचे काटे.

"वहिनी, अहो, डांबरीनं यायचं. पोराला म्हणायचं, जीपनं सोड."

"त्याला कशाला सांगू? त्यो गावाला गेलाय, म्हनून तर आले." ती धापा टाकत उंबऱ्यावरच बसली. "अन् डांबरीनं कोन येतंय एवढ्या लांबून? सून होऊन आल्यापासून ह्या बांधाच्या कडेनंच येती मी. भावजी, घरात चिमटा हाय का? काटा लई आत गेलाय."